उजेडाच्या चालीनं ठाणे ते शहाड

ठाण्याहून कल्याणला आगगाडी जाते हे मला माहीत आहे. परत आल्यावर ज्यांनी ज्यांनी मला ही माहिती पुरवली त्यांची मी आभारी आहे. तरीही आम्ही चौघं भर ज्येष्ठात पायी गेलो, आणि का गेलो ते आधी सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

जोगळेकर मास्तर डोंबिवलीच्या शाळेत गणित शिकवतात आणि नाटकं लिहितात. दोन्हींबद्दल त्यांना बोलणी खावी लागतात. त्यांचं म्हणणं असं की, पुस्तकातलं सूर्यमालेचं चित्र ही शुद्ध फसवणूक आहे. एका पानावर सूर्य आणि सगळे ग्रह मांडीला मांडी लावून बसवतात, जसे काही पंगतीला बसलेत. खरं अंतर डोळ्यांना कळत नाही, पायांना कळतं. म्हणून त्यांनी एक माप काढलं. सूर्य वीस फुटांचा धरायचा. मग पृथ्वी होते लिंबाएवढी आणि ती सूर्यापासून अर्ध्या मैलाच्या जरा आत येते. सूर्य ठाण्याच्या तलावपाळीवर ठेवला तर पृथ्वी स्टेशनापाशी, गुरू कळव्याच्या पुढे, शनि मुंब्र्याला, प्रजापती म्हणजे युरेनस दिवा आणि डोंबिवलीच्या मधल्या शेतात, वरुण म्हणजे नेपच्यून कल्याणला, आणि शेवटचा प्लूटो शहाडच्या पलीकडे उल्हास नदीकाठी. सगळ्यात जवळचा तारा याच मापानं ठेवायचा तर अख्ख्या पृथ्वीला चार वेढे घालून यावं लागेल. तो आम्ही रद्द केला.

पण या मापाची खरी मजा वेगळीच आहे. यात उजेडाचा वेग माणसाच्या चालीएवढा येतो. सूर्याचा किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर पोचतो; तलावपाळीवरून स्टेशनापर्यंत चालत यायलाही तेवढीच लागतात. म्हणजे ठाण्याहून कल्याणला पायी निघालेला माणूस सूर्याच्या किरणाला सोबत करत असतो. आणि गाडीनं जाणारा, मास्तर म्हणतात, निसर्गनियम मोडत असतो.

तर असं हे नाटक. ठाण्याला सूर्याचा सिनेमा, मग वाटेत प्रत्येक ग्रहाच्या जागी एक छोटा प्रवेश, आणि कल्याणला पुन्हा सिनेमा. मास्तर लेखक. अरविंद हा गावोगाव विज्ञान सांगत फिरणाऱ्या आमच्या मंडळाच्या प्रोजेक्टरचा एकमेव जाणकार, आणि उरलेल्या वेळात मंगळ, गुरू आणि शनि. कुसुम पृथ्वी. मी सूत्रधार. मी मूळची साताऱ्याची, ठाण्यात मावशीकडे राहते आणि मंडळाची पत्रकं लिहिते. मुलींच्या गळ्यात घरकामाचा विषय मारू नका, त्यांना बीजगणित-भूमिती घेऊ द्या, हा आमचा लढा. दारोदार जाऊन हे सांगितलं की लोक म्हणतात, "मुलीला गणित कशाला? हिशेबापुरतं येतं ना?" म्हणून मास्तर म्हणाले, वाद पुरे, पृथ्वीचं काम मुलीला देऊ आणि तिच्या तोंडून गणित ऐकवू.

कुसुम ही मास्तरांचीच विद्यार्थिनी, डोंबिवलीची. त्याच वर्षी मॅट्रिक झाली, गणितात पहिली. मुंबईच्या कॉलेजात नाव घालायची शेवटची तारीख सोमवार होती, आणि वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, हो म्हटलेलं होतं. शुक्रवारी ठाण्यात, शनिवारी चालत डोंबिवली, रविवारी कल्याण, सोमवारी ती वडिलांबरोबर मुंबईला आणि आम्ही शहाडला. इतकं सरळ.

ठाणे

शुक्रवारी संध्याकाळी तलावपाळीजवळच्या एका वखारीची भिंत चुना मारून घेतली होती. रीळ एका परदेशी वकिलातीच्या वाचनालयातून आणलेली. तिच्यात सूर्याच्या कडेवरून ज्वाळा उठतात, कमान करून परत आत पडतात. भिंतीवर वीस फुटांचा सूर्य उमटला तेव्हा पुढं बसलेल्या बायकांनी चक्क पदर डोक्यावर घेतले. ऊन लागल्यासारखे.

आणि नेमकी तिथंच रीळ अडकली. प्रोजेक्टरचा दिवा एकाच चित्रावर थांबला. सूर्याच्या मधोमध एक तपकिरी ठिपका आला, बुडबुडा धरला, पसरत गेला, आणि सूर्याला भोक पडलं.

"अरव्या, बंद कर!" मी ओरडले.

"करतोय गं! बोट भाजतंय!"

वखारीत अंधार. कुणीतरी म्हणालं, "गेला की हो सूर्य." लोक हसले, पण ते हसू मला आवडलं नाही. अरविंदनं जळालेला तुकडा कापून रीळ चिकटवली, खेळ पुढं चालू झाला. मला मात्र रात्रभर झोप नाही. वाचनालयाला काय सांगायचं, ही एक काळजी. आणि बाहेर पडताना एक म्हातारे गृहस्थ दुसऱ्याला म्हणत होते, "आधी सूर्याला भोक, आणि परवा सगळे ग्रह ओळीत. लक्षण बरं नाही." ही दुसरी.

ओळीचं असं झालं होतं. पत्रकाचा मथळा होता: "नवग्रह एका ओळीत! येत्या रविवारी! ठाणे ते शहाड!" मोठा खेळ रविवारी कल्याणला, म्हणून रविवार; खाली बारीक टायपात नाटकाची सगळी माहिती. मथळा मी लिहिला आणि मंडळानं एकमतानं मंजूर केला. अरविंदनं ओळखीच्या गार्डाकरवी त्याचे गठ्ठे शहाडपर्यंतच्या स्टेशनांवर टाकले होते. मला कुणी विचारलं तर मथळा चांगलाच होता. पत्रक वाचायचं तर लोकांनी सबंध वाचावं, ही अपेक्षा काही फार मोठी नाही.

कळवा, मुंब्रा

शनिवारी पहाटे स्टेशनासमोर कुसुमनं पृथ्वीचा प्रवेश केला. हातात लिंबू, आणि त्याला पाच फूट दोरीनं बांधलेला एक वाटाणा, तो चंद्र. ती स्वतःभोवती गिरक्या घेत पुढं चालायची आणि चालता चालता बोलायची. गिरकी न चुकवता. टांगेवाले टांगे सोडून बघत राहिले. "चक्कर येत नाही का गो पोरी?" एकानं विचारलं. "तुम्हाला येते का?" कुसुम म्हणाली, "तुम्हीही माझ्याबरोबरच फिरताय." टांगेवाल्यानं दचकून टांग्याचा दांडा धरला.

खाडीवरचा पूल ओलांडला की दोन्ही अंगांना मिठागरं. आमच्या साताऱ्याला मीठ म्हणजे वाण्याच्या दुकानातली वस्तू. इथं ते शेतात पिकतं, पांढऱ्या राशी करून माडाच्या विणलेल्या झापांखाली ठेवतात, आणि पावसाच्या आत ते उचलायची सगळ्यांची घाई चालली होती. त्या घाईतही कळव्याच्या पुढं गुरू बघायला पंचवीसएक माणसं जमली. गुरू म्हणजे दोन फुटांची बांबूची पाटी, वर रंगीत कागद. अरविंद तिच्यात डोकं घालून गुरूचं भाषण करतो. ते संपल्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "न् राहू-केतू कंच्या गावाला?"

"त्यांची गाडी चुकली, बाबा," अरविंद पाटीतून म्हणाला.

सगळे हसले. म्हातारा हसला नाही. "मंग नवग्रव कसं म्हनतांव? न् उद्याच्याला ग्रवांची ओल लागनार ती खरी का खोटी?"

मी त्याला पत्रकाचा बारीक टाइप वाचून दाखवला. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "त्या मोठ्या अक्षरांत लिवलंय तां वाच."

मुंब्र्याला डोंगर अगदी खाडीपर्यंत उतरलेला, मधे रूळ आणि रस्ता कसेबसे मावलेले. शनीसाठी इतकी अडचणीची जागा मास्तरांना मापानंच दिली. तिथल्या एका खाणावळीत आम्ही पाव आणि गोडमिट्ट चहा घेतला. मालक खानसाहेब म्हणून ओळखले जाणारे उमदे गृहस्थ. शनि म्हणजे मडकं, त्याच्याभोवती वेताचं कडं. ते त्यांनी कौतुकानं हातात घेऊन पाहिलं. मग हळूच मला म्हणाले, "बाईजी, सकाळच्या गाडीनं कल्याणचे दोन व्यापारी आले होते. म्हणत होते, ठाण्यात सूरज फाटला, आणि उद्या आठ ग्रह मिळून नववीला खाणार. हे तुम्हीच करणार आहात?"

"नववी कोण?" मास्तरांनी विचारलं.

"जमीन," खानसाहेब म्हणाले. "पृथ्वी."

मी कुसुमकडे पाहिलं. ती बशीतला चहा पीत होती. तिनं बशी खाली ठेवली आणि उरलेला चहा तसाच सोडला.

मास्तर नाही म्हटलं तरी गणिती. वाटेत ते मला म्हणाले, "नलू, एक लक्षात आलं का? आपण उजेडाच्या वेगानं चाललोय, आणि ही अफवा आपल्या आधी पोचते. म्हणजे ती उजेडापेक्षा वेगवान आहे."

"गाडीनं जातेय ती," मी म्हटलं. "मास्तर, आत्ता गंमत नको."

दिवा

दुपारी दिव्याला पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. एका आगरी घरानं आम्हाला पडवीत बसवलं, ताडगोळे सोलून दिले. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. आमच्याकडे ज्वारीची भाकरी दणकट असते. ही मऊ, पांढरी, हातात मोडते. मास्तरांनी नुसती भाकरी आणि गूळ खाल्ला. अरविंदनं चटणी दोनदा मागून घेतली.

घरधनीण बाई कुसुमजवळ येऊन बसली. "काय गो बाय, ते ग्रव तूच आनतेस काय?"

"नाही हो, आजी. नाटक आहे ते."

"गावान सांगतान, एक बामनाची पोर हातान लिंबू घेऊन गरगर फिरते न् ग्रवांना बोलावते." तिनं लिंबाकडे पाहिलं. "हां बघ. लिंबूच हाय."

लिंबू! उतारा टाकायचं, करणी करायचं लिंबू. मोसंबं घेतलं असतं, चेंडू घेतला असता, तर काय बिघडलं असतं? पण आम्ही मापाचे लोक. माप दोन इंचांचं, म्हणून लिंबू. चार शिकल्यासवरल्या माणसांच्या डोक्यात हे एकदाही आलं नाही.

कुसुमनं ते लिंबू त्या बाईसमोर कापलं, ताकात पिळलं आणि पिऊन टाकलं. बाई डोळे मोठे करून बघत राहिली, मग खदखदून हसली. "भारी हाय गो पोर!" पण डोंबिवली अजून पुढं होती, आणि तिथं कुसुमची आई होती. शेतातल्या प्रजापतीच्या प्रवेशात मी दोन वाक्यं विसरले. प्रेक्षक म्हणजे एक गुराखी आणि त्याची गुरं, म्हणून निभावलं.

डोंबिवली

डोंबिवली म्हणजे अजून गावच. कौलारू घरं, मधे मधे नव्या चाळी, पुष्कळ कोकणातून आलेली नोकरदार मंडळी. अण्णा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून आहेत. आम्ही पोचलो तेव्हा ते दारातच उभे होते, आणि आई त्यांच्या मागं, उंबऱ्याच्या आत.

"कुसुम, पाय धू आणि आत जा," आई म्हणाल्या. आम्हाला म्हणाल्या, "बसा." बसायला चटई घातली, पाणी दिलं, आंबे कापून दिले. राग असला तरी पाहुण्याला उपाशी ठेवायचं नाही, हा कोकणातला धर्म. आमच्याकडे आधी भांडून घेतात आणि मग वाढतात. मला आमची पद्धत जास्त सोसते.

अण्णांनी घसा साफ केला. "मास्तर, मी काही जुनाट माणूस नाही. तुम्ही जाणता. पण गावात जे बोललं जातंय... हिच्या आईच्या मनाला फार लागलंय. पोरीनं पृथ्वी व्हायचं आणि सगळे ग्रह तिच्यावर ओळ धरून यायचे. घरातल्या बाईमाणसाचं मन मोडून सोमवारी नवं काही सुरू करणं बरं नाही. पुढल्या वर्षी बघू."

पुढल्या वर्षी! पुढल्या वर्षी बघू म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. माझ्या तीन मैत्रिणींचं पुढलं वर्ष मी त्यांच्या लग्नात जेवून साजरं केलेलं आहे.

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" मी विचारलं. "तुम्हाला, अण्णा. काकूंना नव्हे."

"माझं काय," अण्णा म्हणाले. "मी तर हो म्हटलंच होतं."

"मग आता नाही कोण म्हणतंय?"

"नलू," मास्तर म्हणाले. पण माझा तो सवाल आजही आहे. घरातला पुरुष सुधारक राहतो आणि नकार मात्र बायकोच्या नावावर लिहिला जातो. आई उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या की अण्णांकडे, मला कळेना.

आतून कुसुमचा आवाज आला. "मास्तर, आपण ओळ मोडू या."

"काय?"

ती बाहेर आली, पाय ओले. "ओळ ग्रहांची नाही. रुळांची आहे. रूळ सरळ, म्हणून आपण सरळ ठेवले. उद्या त्यांना फिरवू या. माणसं घेऊन. लोकांना बघू दे ओळ किती टिकते ती."

मी सांगते ते खरं माना: आम्हा तिघांपैकी एकालाही तोवर हे सुचलेलं नव्हतं. बैठकीत आम्ही अंतरं बघितली, आकार बघितले, उजेडाचा वेग बघितला. सगळे ग्रह एका सरळ रेषेत ठेवतोय, आणि याला आपल्याकडे युती म्हणतात, अशुभ म्हणतात, हे पंचांगाविरुद्ध पत्रकं काढणाऱ्या मंडळाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात मास्तरांनी चुन्याची वर्तुळं काढली, एकात एक. मधे सूर्य म्हणून शाळेची घंटा ठेवली. माणसं जमली, पुष्कळ जमली, पण वर्तुळात पाऊल टाकायला कुणी तयार होईना. ओळ लागायच्या दिवशी ग्रह कोण होणार? अण्णा लांब झाडाखाली उभे.

मग कुसुम बायकांच्या घोळक्यापाशी गेली. "अगं, भोंडल्याचा फेर धरता ना? तसंच. मधे हत्तीच्या जागी सूर्य, एवढंच."

"ज्येष्ठात भोंडला?" एक शेजारीण म्हणाली. "कुसे, वेड लागलं का तुला?"

"खिरापत काय आहे ते सांग आधी," दुसरी म्हणाली, आणि एकदम हशा पिकला. त्या हशात चारपाच जणी पुढं आल्या. मग आणखी. भोंडला म्हणजे आश्विनातला मुलीबाळींचा खेळ. पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरायचा. बायकांच्या पायांना तो पाठ असतो. बुध झालेली पोरगी सुटली ती सुटलीच. शुक्र तिच्या मागं. पृथ्वी कुसुम. गुरूला एक फेरा घालायला पृथ्वीचे बारा फेरे, तेव्हा गुरू झालेल्या शेजारणीला इतकं सावकाश चालावं लागलं की ती म्हणाली, "माझ्या सासूबाई झालेय मी." शनि तिच्याहून सावकाश. बाहेरचे तीन तर जागचे हलतात की नाही, कळेना.

सगळ्यांनी घंटेपासून एका ओळीत सुरुवात केली होती. कुसुम चालता चालता ओरडली, "ओळ दिसते का कुणाला?"

ओळ नव्हती. कुसुमचा पहिला फेरा पुरा व्हायच्या आत ती कधीच मोडली होती. बायका एकमेकींना बोटानं दाखवू लागल्या: ही इथं, ती तिथं, गुरू बघ कुठं राहिला.

"मग परत कधी लागेल?" हा प्रश्न घोळक्याच्या मागून आला. कुसुमच्या आई होत्या.

कुसुम थांबली. धापा टाकत तिनं खडूचा तुकडा घेतला आणि शाळेच्या ओट्यावर बसून मांडणी केली. गुरूची बारा वर्षं, शनीची एकोणतीस, प्रजापतीची चौऱ्याऐंशी, वरुणाची एकशे पासष्ट. चौथीत शिकवतात तो लसावि, दुसरं काही नाही. बायका तिच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. आकडा आला. "एवढे चार ग्रह आणि पृथ्वी निघाल्या जागी परत एकत्र यायला एक लाख तेहेतीस हजार नऊशे ऐंशी वर्षं. आणि प्लूटो धरला तर त्र्याऐंशी लाखांच्या वर. बाकीचे अजून धरलेच नाहीत."

मास्तर मागून पुटपुटले की ही वर्षं ढोबळ आहेत, आणि दुसरीकडे कुठं ओळीसारखं काही लागणारच नाही असं यातून सिद्ध होत नाही. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

आई आकड्याकडे बघत राहिल्या आणि घरी निघून गेल्या. अण्णा आमच्यापाशी आले. "छान झालं," ते म्हणाले. "पण कल्याणला हिला नेऊ नका. आणि उद्याचं... हिच्या आईला विचारतो."

कल्याण

कल्याणला सिनेमा एका शाळेच्या सभागृहात होता. तिथल्या व्यवस्थापकांनी दारातच हात जोडले. "गावात तीन ठिकाणी ग्रहांची शांत चाललीय. तुम्ही कशाला तेल ओतता?"

त्यांच्याशेजारी पंचांग सांगणारे एक भटजी उभे होते, माझं पत्रक हातात घेऊन. "आम्ही म्हटलं नव्हतं ओळ लागणार. आमच्या पंचांगात नाही. तुम्हीच छापलंत!"

आयुष्यात पहिल्यांदा एका पंचांगवाल्यानं माझ्यावर अंधश्रद्धा पसरवल्याचा आरोप केला, आणि त्याचं म्हणणं खरं होतं. मी त्यांना सांगितलं, "मग हेच तुम्ही आत येऊन लोकांना सांगा." ते आले. पंचांग उघडून त्यांनी कोणता ग्रह कोणत्या राशीत आहे ते वाचलं, लोकांचे चेहरे सैल झाले, आणि त्यांच्या जिवावर आमचा खेळ झाला. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

पृथ्वी मी झाले. गिरक्या घेताना तिसऱ्यातच भोवळ आली आणि लिंबू बाकांखाली गेलं. "पृथ्वी हरवली!" कुणीतरी ओरडलं. पण शेवटी अरविंदनं प्रोजेक्टरपुढं पुठ्ठे धरले, प्रत्येकाला आधीच्यापेक्षा लहान भोक. ठाण्याचा वीस फुटांचा सूर्य भिंतीवर आकसत गेला: गुरूवरून दिसेल एवढा, शनीवरून एवढा, आणि वरुणावरून, म्हणजे कल्याणहून, टाचणीच्या डोक्याएवढा. सगळं सभागृह माना पुढं काढून त्या ठिपक्याकडे बघत होतं. मी बघत नव्हते. मी मनात म्हणत होते, आत्ता डोंबिवलीत त्या घरात काय बोलणं चाललं असेल.

शहाड

सोमवारी सकाळी शहाडच्या पलीकडे नदीकाठी प्लूटो ठेवला. प्लूटो म्हणजे एक सुकं बोर. प्रेक्षक कुणी नाही. दगडावर धुणं आपटणाऱ्या दोन बायकांनी एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा आपटायला लागल्या. नदी उन्हाळ्यानं उतरलेली, मधे खडक उघडे. मास्तर म्हणाले, सूर्याचा किरण इथं पोचायला साडेपाच तास लागतात. अरविंद म्हणाला, "आणि पायांचे तुकडे पडतात ते वेगळे." मी म्हटलं, मी परत चालले, आणि गाडीनं चालले.

पुन्हा डोंबिवली

दार उघडं होतं. आई पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. घरात दुसरं कुणी दिसेना.

"कुसुम?" माझ्या तोंडून एवढंच.

"गेली. सकाळच्या गाडीनं, यांच्याबरोबर."

मी तिथंच पायरीवर बसले. काकूंनी सूप खाली ठेवलं, आतून दोन घावन आणि गूळखोबरं आणून समोर ठेवलं.

"अण्णा तयार झाले?"

"रात्री विचारत होते, तुझ्या मनाला लागलंय ना, मग राहू दे ना. तीनदा विचारलं." त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला. "मी म्हटलं, मला भीती वाटते ती माझी मला पुरे आहे. तुमची त्यात मिसळू नका. तुम्हाला पाठवायचं नसेल तर तसं तुमच्या तोंडानं म्हणा. ते काही म्हणेनात. मग पहाटे मीच हाक मारून उठवलं दोघांना."

"म्हणजे तुमची भीती गेली?"

"गेली कुठली? ओळ वाईटच. ते तुम्ही मला शिकवू नका." सूप पुन्हा मांडीवर आलं. "पण ती लागायला लाख-सव्वालाख वर्षं आहेत म्हणता. तोवर पोरगी घरात बसवून काय करू?"

मी तोंड उघडलं. वाईट ओळ असं काही नसतंच, हे सांगायला मी तीन दिवस उन्हातून चालले होते. माझ्याकडे त्यावर चार पानी पत्रक तयार आहे. काकूंनी ताटलीत तिसरा घावन टाकला.

"खा. गार होतंय."

मी खाल्लं. गाडीला अजून वेळ होता. नाव घातलं गेलं की कुठल्या कागदावाचून अडलं, मुंबईच्या त्या कचेरीत अण्णा बोलले असतील की नुसते उभे राहिले असतील, हेच माझ्या डोक्यात होतं. काकूंच्याही असणार, कारण निवडलेले तांदूळ त्या पुन्हा निवडत होत्या. संध्याकाळी दोघं येताना दिसली. अण्णा पुढं, छत्री काखेत. कुसुम मागं, आणि तिनं लांबूनच हात वर केला.

काकू उठल्या. अण्णांना काही विचारलं नाही. पोरीसाठी घागरीतून पाणी काढलं, तिच्या पायांवर स्वतः ओतलं आणि म्हणाल्या, "किती वाजता निघावं लागेल गं रोज? मला स्वयंपाक त्या बेतानं करायला हवा."